राहूद्या डॉक्टर

खुर्चीत बसलेला माणूस गाल दाबून धरत म्हणायचा, "डॉक्टर, काढून टाका एकदाचा. कटकटच नको." आणि आमचे डॉक्टर वरचा दिवा लावायच्या आधीच म्हणायचे, "राहू द्या." आवाज चढवून नाही की समजूत घातल्यासारखंही नाही. पाहुणा स्वतःचं ताट उचलायला लागला की घरची बाई म्हणते ना, "राहू द्या हो", अगदी तसं. मग आरसा तोंडात जायचा. दाताची नुसती कवची उरलेली असली, मधे काळाकुट्ट खड्डा असला, तरी त्यांच्या तोंडून समाधानाचा एक "हं" निघायचा. "मुळं शाबूत आहेत. मुळं शाबूत असली की वर इमला बांधता येतो."

कासारवाडी स्टेशनातून बाहेर आलं की रिक्षा लागतात, त्या गल्लीत पहिल्या मजल्यावर त्यांचा दवाखाना. पाटीवर नाव, डिग्री सगळं व्यवस्थित होतं, पण ते वाचायच्या भानगडीत कोणी पडत नसे. "राहूद्या डॉक्टरकडं सोडा" म्हटलं की रिक्षावाला बरोबर जिन्याशी आणून सोडायचा. एका औषधवाल्याला तर ते त्यांचं आडनावच वाटलं. नव्या वर्षाला त्याने पेन आणून दिलं, त्यावर सोनेरी अक्षरांत 'डॉ. राहूद्या'. मी हसून हसून लोळायची बाकी राहिले. डॉक्टरांनी मात्र ते पेन रिफिली बदलून बदलून वापरलं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती गालाचा भोपळा करून. तोवर लवंग ठेवून झाली होती, शेजारणीने दिलेली मिसरी लावून झाली होती, मेडिकलच्या गोळ्या तर चणे-फुटाण्यासारख्या खाल्ल्या होत्या. नवरा चाकणच्या कंपनीत, त्याची सेकंड शिफ्ट, दोन पोरं शाळेत, घरात सासूबाई. मला दुखण्यासाठी वेळ कुठला? मी म्हटलं, काढा. ते म्हणाले, राहू द्या. मला आला राग. "दात माझा आहे का तुमचा?" त्यांनी आरसा खाली घेतला, जरा विचार केला आणि म्हणाले, "दुखतोय तुम्हाला, वाचवायचाय मला. दोघांचा धरा." अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

तीन वेळा जावं लागलं. तिसऱ्या खेपेला बाहेरच्या बाकावर फर्स्ट शिफ्ट सुटून आलेला एक आणि सेकंडला निघालेला एक, असे दोघे नंबरावरून हमरीतुमरीवर आले. माझं तोंड अर्धं बधिर होतं, तरी उरलेल्या अर्ध्या तोंडाने मी दोघांना असं झापलं की दोघेही भिंतीला टेकून गप्प बसले. डॉक्टर दारात येऊन बघत होते. माझ्या दाढेवर टोपी बसवून झाल्यावर म्हणाले, "शैलाताई, तुमचा दात झाला. आवाज मात्र वाया चाललाय. उद्यापासून दवाखान्यात येता का?" मी गेले. गेले ती आज चौदा वर्षं तिथंच आहे.

त्यांचं काम बघावं तर सोनाराच्या दुकानात बसल्यासारखं वाटायचं. डोळ्यांवर भिंग, हातात केसाएवढी सुई, आणि पाठीची कमान. वरच्या दाढेला मुळं तीन असली तरी आत नळ्या पुष्कळदा चार असतात. ती चौथी नळी म्हणजे डॉक्टरांचं वेड. पेशंटचं तोंड उघडं राहून जबडा अवघडायचा, बाहेर रांग जिन्यापर्यंत जायची, मी दारातून खुणा करायचे, पण हे शोधतच असायचे. सापडली की हळूच म्हणायचे, "आली बाई एकदाची." मी एकदा वैतागून म्हटलं, "अहो, तीन साफ झाल्या ना? मग एकीसाठी एवढं काय?" तर म्हणाले, "तीन साफ केल्या आणि चौथी राहिली, तर दात पुढं कधीतरी त्याच चौथीतून जातो. आपल्याला वाटतं काम झालं. आत सडत असतं."

त्यांचा खरा वैरी कीड नव्हती, ओव्हरटाइम होता. पहिल्या दिवशी ठणका थांबला की पेशंट गायब. दातात औषधाचा कापूस, वर तात्पुरतं सिमेंट, आणि गडी निवांत चाकणला मशीनवर उभा. मग मी फोन लावायचे. "काय भाऊ, दाताला भोक पाडून घेतलंत ते काय हवा खेळायला?" तो म्हणायचा, "ताई, आता दुखत नाय ना." शेवटी डॉक्टरांनी भिंतीवर शिफ्टचं कॅलेंडर लावलं. कोण कुठल्या आठवड्यात फर्स्टला, कोण नाइटला, हे त्यांना त्या माणसांच्या बायकांपेक्षा जास्त ठाऊक असायचं. नाइट करून सकाळी आलेला कामगार खुर्चीतच घोरायला लागला तर त्याला उठवत नसत. तोंड उघडं आहे ना, मग झालं, म्हणायचे.

आणि एखादा दात खरंच हाताबाहेर गेलेला असायचा. मुळापर्यंत चिरलेला, हलणारा. तो काढावाच लागायचा. त्या दिवशी डॉक्टर चहा घेत नसत. "आज एक गेला," एवढंच म्हणायचे. लग्न केलेलं नव्हतं, नात्यात म्हणायला चिपळूणला एक धाकटी बहीण. त्यांचे स्वतःचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते, आणि एप्रनच्या खिशात कायम फुटाणे. दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, यांच्याकडे दोन्ही होतं.

आता जे सांगायचं ते माझ्या जिभेवर यायला जड जातं, पण ते सोडून या माणसाचं काही सांगितलं तर ते खोटं होईल.

आमच्याकडे एक समज पक्का आहे. वरचा दात काढला की डोळा जातो. शिकली सवरलेली माणसंही दबक्या आवाजात विचारतात. कामाला लागून दोन महिने झाले असतील, एक गृहस्थ वरच्या दाढेसाठी "काढूनच टाका" म्हणून हटून बसले. डॉक्टरांचं "राहू द्या" संपलं, तरी ऐकेनात. मी बाहेरून म्हटलं, "काढा हो, काढा. फक्त वरचा आहे, उद्या डोळा गेला तर आम्हाला बोल लावू नका." गृहस्थांचा चेहरा उतरला. मुकाट्याने तीन खेपांना तयार झाले. डॉक्टरांनी दारातून डोकावून चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार. काही बोलले नाहीत. दुपारी मात्र खिशातले निम्मे फुटाणे माझ्या हातावर ठेवले.

झालं! मला रान मोकळं मिळालं. वरचा दात घेऊन कोणी आलं की माझी टकळी सुरू. कोणी थेट डॉक्टरांनाच विचारलं, "डोळ्याचं खरं का हो?" तर ते म्हणायचे, "आधी आ करा." आ केलेल्या माणसाला पुढचा प्रश्न विचारता येत नाही. खोटं मी बोलायचे, ते फक्त गप्प बसायचे. किती दात वाचवले आम्ही असे! मला तर त्याचा अभिमान होता.

त्यातच मी माझ्या सासूबाईंना घेऊन गेले. मी त्यांना आत्या म्हणायचे. सांगवीतलं जुनं शेतकऱ्याचं घर. नदीकडची जमीन जाऊन तिथं इमारत झाली, तरी आत्या सकाळ-संध्याकाळ तळमजल्याच्या पायरीवर बसून मिसरी लावायच्या ते काही सुटलं नाही. तरुणपणी ज्वारीचं धाट लागून त्यांचा डावा डोळा गेलेला. राहिला होता उजवा. आणि किडली होती उजवीकडचीच वरची दाढ. "काढून टाक म्हनावं त्याला," त्या म्हणाल्या. मी माझी नेहमीची पट्टी लावली. "आत्या, वरची आहे. आणि तुमचा उजवाच डोळा उरलाय." बाई जी टरकली ती गुपचूप खुर्चीत बसली. डॉक्टरांनी त्या दाढेवर जीव ओतला. चौथी नळी शोधली, इमला बांधला, वर टोपी बसवली. उठताना आत्यांनी हात जोडले. "दात ऱ्हायला, डोळाबी ऱ्हायला, देवा." डॉक्टर हसले. "मिसरी तेवढी सोडा," म्हणाले. "सोडते की," म्हणून आत्या घरी आल्या आणि पायरीवर बसून डबी उघडली.

चार वर्षं ती दाढ छान टिकली. मग हलायला लागली. शेजारच्या हिरडीवर एक जखम झाली होती, ती काही केल्या भरेना. आत्यांनी दोन महिने आम्हाला सांगितलंच नाही. मी ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर बराच वेळ बघत राहिले. मग हातमोजे काढले, हात धुतले, पुन्हा धुतले. मी वाट बघत होते त्यांच्या त्या दोन शब्दांची. ते आले नाहीत. "आत्याबाई, हा दात आता ठेवायचा नाही. मोठ्या दवाखान्यात जायचं. तिथं दातासकट हिरडीचा तुकडा काढतील, तपासतील. उद्याच जायचं."

"न्हाई," आत्या म्हणाल्या. "डोळा जाईल."

"नाही जात डोळा."

"जातो. हिनंच सांगितलंया. तुमीबी व्हता की हितं."

"ते खरं नव्हतं, आत्याबाई."

"मंग तवा का न्हाई म्हनला?"

डॉक्टरांनी मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहून माझ्या हातात दिली.

घरी आल्यावर मी आत्यांचे पाय धरले. सांगितलं की मीच थाप मारत होते, सगळ्यांनाच मारत होते. त्या म्हणाल्या, "तवा दात ठिवायचा व्हता म्हून तसं बोललीस, आता काढायचाय म्हून असं बोलतीस. तुझं खरं कंचं म्हनायचं?" नवऱ्याने सांगून बघितलं, नणंदा आल्या, रडल्या. आत्या उजव्या डोळ्यावर पदर धरून बसायच्या. "ह्यो एकच हाय. ह्यो गेल्यावं मी भिंती चाचपत बसू व्हय?" काय चुकलं त्यांचं? एकच डोळा असलेल्या बाईने तो जपला. चोरीचा माल आमच्याच दारात सापडला होता. आपलेच दात, आपलेच ओठ.

त्यानंतर दर रविवारी डॉक्टर सांगवीला यायला लागले. रविवार त्यांच्या सुट्टीचा. आत्यांच्या समोर खाली फरशीवर मांडी घालून बसायचे आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायचे. दाताची शीर वेगळी, डोळ्याची वेगळी. मी बोलायला हवं होतं, बोललो नाही, माझं चुकलं. एका रविवारी त्यांनी सोबत कंपनीत मिलिंग मशीन चालवून रिटायर झालेले एक पेशंट आणले. त्यांचे वरचे सगळे दात काढलेले. त्यांच्या हातात पेपर देऊन बारीक अक्षरांतली जाहिरात वाचायला लावली. त्या बिचाऱ्यांनी वर्गात धडा वाचावा तशी खडाखडा वाचून दाखवली. आत्यांनी नीट ऐकून घेतलं. म्हणाल्या, "त्यांचे दोन हायती. एक अधू झाला तरी भागतंय."

असे रविवार जात राहिले. तिकडे जखम वाढत होती. मी दवाखान्यात लोकांवर खेकसायचे आणि मोरीत जाऊन रडायचे. त्या रविवारच्या फेऱ्यांचा पाचवा महिना मला आठवतो. डॉक्टर आले, बसले, आणि अगदी शांतपणे म्हणाले, "आत्याबाई, उद्या मी माझी वरची दाढ काढून घेतो. चांगली धडधाकट आहे. आठ दिवसांनी माझे डोळे तुम्ही तपासा. गेला तर तुमचं खरं. नाही गेला तर माझ्याबरोबर चला." मी त्यांच्याकडे बघितलं. माणूस थट्टा करत नव्हता. एक दात काढला की जो दिवसभर चहा घेत नसे, तो स्वतःचा निरोगी दात उपटायला निघाला होता.

आत्या हसल्या, सुजलेल्या गालाने जमेल तेवढं. "येडा का खुळा! चांगला दात कोन काढतं? राहू द्या." मग पदर सावरून म्हणाल्या, "शैले, उद्या कुटं जायाचं ते जाऊ."

गेलो. पण उशीर झाला होता. मोठ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोटो दाखवले. दुखणं हाडात शिरलं होतं आणि वर चढलं होतं, डोळ्याकडे. आता कापण्यात अर्थ नाही, म्हणाले. पुढच्या दोन महिन्यांत आत्यांचा उजवा डोळा आतून सुजत गेला आणि एका सकाळी उघडलाच नाही. जो डोळा वाचवायला त्यांनी दात ठेवला, तो डोळा त्या दाताशेजारच्या दुखण्याने नेला. त्या खरोखरच भिंत चाचपत मोरीपर्यंत जायच्या. मी हात धरायला गेले की झिडकारायच्या नाहीत. झिडकारलं असतं तर बरं वाटलं असतं मला.

शेवटच्या आठवड्यात डॉक्टर आले तेव्हा आत्यांनी विचारलं, "कोन हाय?"

"मी. राहूद्या."

आत्यांनी जीभ फिरवून बघितली. "तुमचा दात हाय बगा अजून," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. खरंच सांगत होत्या, त्यांना बरं वाटावं म्हणून. डॉक्टर उठून बाहेर गेले. मी मागे गेले तर ते जिन्याच्या कठड्याला धरून उभे होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "शैलाताई, आपली चौथी राहिली."

आत्या गेल्या. तेराव्यानंतर मी कामावर गेले ते मनाशी ठरवूनच की आजच सोडायचं. बघते तर बाकाच्या वरच्या भिंतीवर पुठ्ठा लावलेला, त्या सोनेरी अक्षरांच्या पेनानेच गिरवून गिरवून जाड केलेली अक्षरं: 'वरचा दात काढल्याने डोळा जात नाही. विचारा.' मी पुठ्ठ्याकडे बघत उभी राहिले. डॉक्टर म्हणाले, "सोडून जायचं असेल तर जा. पण हे माझ्या एकट्याने सांगून लोकांना पटायचं नाही. खोटं तुमच्या आवाजात गेलंय, खरंही तुमच्याच आवाजात जायला हवं." मी पदर खोचला आणि पेशंटला हाक मारली.

त्यानंतर डॉक्टर प्रत्येकाला आधी ते वाक्य सांगायचे. खालचा दात दुखत असला तरी सांगायचे. लोक हसायचे. काही जण भीती गेल्यामुळे "मग काढाच" म्हणायला लागले आणि आमच्याकडे काढायचे दात वाढले. चहा न घ्यायचे दिवसही वाढले. मी एकदा म्हटलं, "बघा, वाचले असते हे." ते म्हणाले, "खोट्यावर बसवलेला दात वाचला असं मी आता म्हणत नाही." "राहू द्या" मात्र सुटलं नाही. फक्त त्याच्यापुढे आता ते दम धरून सगळं खरं सांगायचे, आणि पेशंटने स्वतः मान हलवली तरच सुई हातात घ्यायचे.

त्याच सुमारास एक दिवस माझ्यासमोर फॉर्म ठेवला. नेत्रदानाचा. साक्षीदार म्हणून सही करा, म्हणाले. मी म्हटलं, "ही कसली अभद्र घाई?" ते म्हणाले, "डोळ्याच्या बाबतीत माझं एक काम राहिलंय." मी सही केली. त्याच पेनाने.

मागच्या वर्षी एका सकाळी पहिला पेशंट यायच्या आत ते दवाखान्यात कोसळले. भिंग डोळ्यांवर तसंच होतं. मी आणि खालच्या रिक्षावाल्यांनी उचलून त्यांना चिंचवडच्या एका हॉस्पिटलात नेलं. मेंदूत रक्तस्राव, तिथले डॉक्टर म्हणाले. सिस्टर घाईघाईत त्यांचं घड्याळ, चष्मा काढून माझ्या हातात देत होती. "कवळी आहे का? असली तर काढून घ्या." ती त्यांच्या ओठाला हात लावणार तेवढ्यात मी ओरडले, "राहू द्या! सगळे त्यांचे स्वतःचे आहेत." सगळा वॉर्ड माझ्याकडे बघायला लागला. माझा आवाज असा एरवीही मोठाच आहे.

ते तिसऱ्या दिवशी गेले. चिपळूणहून बहीण आली होती. मी पर्समधून फॉर्म काढला. ती म्हणाली, "दादाने सांगून ठेवलंय मला." नेत्रपेढीची दोन तरुण मुलं लहानशी पेटी घेऊन आली, आत गेली, थोड्या वेळाने नमस्कार करून निघून गेली. मग मला आत सोडलं. पापण्या नीट मिटलेल्या होत्या. तोंड किंचित उघडं होतं, आत फुटाणे खाऊन झिजलेले, पिवळसर, रांगेने सगळे दात. एकही गेला नव्हता. डोळे तेवढे गेले होते. मी त्यांच्या पायाशी बसून लहान पोरीसारखी रडले.

आता दवाखाना एक तरुण डॉक्टरीणबाई चालवतात. हुशार आहेत, चौथी नळी मशीनवर पटकन शोधतात. भिंतींना रंग दिला तेव्हा पुठ्ठा काढायचा म्हणाल्या, मी काढू दिला नाही. माझी ती पहिली दाढ अजून जागेवर आहे, जेवताना मी मुद्दाम त्याच बाजूने खाते.

परवा एक मावशी आल्या, चाकणकडच्या. गालावर पदर, वरची दाढ. बाकावर बसल्या बसल्या पुठ्ठ्याकडे बोट करून विचारलं, "काय लिवलंय ओ त्येच्यावं? मला वाचता येत न्हाई." मी वाचून दाखवलं. त्यांचा विश्वास बसेना. "पर समदी म्हनत्यात की, डोळा जातो म्हून. कोन म्हनलं न्हाई जात?"

मी खुर्ची सोडून त्यांच्या शेजारी जाऊन बसले. म्हटलं, "मी म्हणते, मावशी. जातो म्हणणारीही मीच होते."